नाव काढू?

मनी बोलायची तेव्हा तिला गप्प बसवायला आमच्या घरात काय काय उपाय चालायचे, ते आठवलं की आजही हसू येतं, आणि ते फार वेळ टिकत नाही. मनी माझी धाकटी बहीण, शेंडेफळ. मी नववीत होते तेव्हा ती बालवर्गात. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. आई तिच्या तोंडात लिमलेटची गोळी सारायची, म्हणजे ती विरघळेपर्यंत तरी शांतता. बाबा भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हणायचे, "मोठा काटा खाली येईपर्यंत मौनव्रत!" ते व्रत कधी पार पडलं नाही. शेजारच्या हंसाबेन कपाळावर हात मारायच्या, "तुम्हारी मनी तो आकाशवाणी है, भाई. सोने का टाइम भी नहीं रखा."

आम्ही परळहून भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आलो, तेव्हा इमारतीला अजून डिस्टेंपरचा वास येत होता. मागे मिठागरं. त्या बाजूच्या वाऱ्याने खिडकीचे गज बघता बघता गंजले, आणि आईने घासून घासून हात टेकले. दिवसभर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यांतून एकसुरी घरघर यायची, पाहुण्यांना ती ऐकू यायची, आम्हाला नाही. पाण्याचा टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. आई सुके बोंबील भाजायची तेव्हा दार-खिडक्या घट्ट लावायची, कारण हंसाबेनच्या घरी कांदासुद्धा नव्हता. तरी वास जायचाच. मग त्यांच्याकडून एकदम चार-पाच उदबत्त्यांचा धूर यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हंसाबेन वाटीभर ढोकळा घेऊन दारात उभ्या. यावर दोघींमध्ये कधी एक शब्द झाला नाही. मला वाटतं, मी शेजार म्हणजे काय ते तिथेच शिकले. आता त्या बाजूला इतके टॉवर झालेत, की आमची इमारत शोधायला मला रिक्षावाल्याची मदत लागते.

आईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. दवाखान्यात गेली ती चालत गेली, जिना उतरताना मला म्हणाली, "डाळ भिजत घातलीय, विसरू नको." ती परत आली नाही, बाळही आलं नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. जिना अरुंद, म्हणून तिला वर आणलं नाही, खाली कंपाउंडमध्येच ठेवलं. मनीला हंसाबेननी त्यांच्या घरी नेलं होतं. गावाहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण, गुहागरकडची, कडक. तिने घराचा ताबा घेतला आणि पहिल्याच दिवशी ठरवलं, की मनीला काही सांगायचं नाही. "आई बाळंतपणाला गावाला गेलीय," एवढंच. लबाडी होती पण सोयीची होती. बायका बाळंतपणाला माहेरी जातातच, त्यात पोराला संशय यायचं काय कारण? आईचा फोटो कपाटात साड्यांखाली गेला. तिचा विषय घरात निघेनासा झाला. आणि मनीने, जी भाजीवाल्याला त्याच्या बायकोचं नाव विचारायची, तिने आई कधी येणार असं एकदाही विचारलं नाही. आम्ही म्हटलं, बरं झालं, लहान आहे, विसरली.

ती बोलायची बंद नेमकी कधी झाली, हे आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही. घरात इतकी माणसं येत-जात होती, की एका मुलीचा आवाज येत नाहीये हे लक्षात यायलाच वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा ती मानेने हो-नाही करत होती, तहान लागली की माझा हात धरून माठाकडे नेत होती. जेवायची, झोपायची, शाळेत जायची. फक्त ओठ उघडायचे नाहीत. खाली खेळताना पडली, गुडघा फुटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण आवाज नाही. ते बघितलं आणि मी पहिल्यांदा घाबरले.

मग सुरू झाली धावपळ. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि छान आहे म्हणाले. आत्याने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. गोडदेवहून मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवून मनीकडे बघत राहायची, "पोर मुकी न्हाय, पोर भ्यायलेली हाय," आणि फुकटचे दोन बांगडे ठेवून जायची. बाबांनी प्रथम समजावलं, मग खाऊ आणला, मग एकदा ओरडले आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. शाळेतल्या बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, जूनमध्ये पहिलीत घ्यायचं तर मुलीने बोललं पाहिजे, नाहीतर तिच्यासाठी वेगळी शाळा बघा. वेगळी म्हणजे कसली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. माझे बाबा फोर्टात कारकून होते. कुठलंही काम अर्ज, सही, शिक्का या वाटेने गेलं की होतं, असा त्यांचा आयुष्याचा अनुभव. इथे अर्ज करायला खिडकीच नव्हती.

कुणाच्या तरी ओळखीने शुभाताईंचं नाव कळलं. त्या मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या विभागात काम करायच्या आणि दर शनिवारी भाईंदर पश्चिमेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात यायच्या. बाजारातून, भाजीच्या गाड्यांतून वाट काढत आम्ही गेलो. खाली रक्त-लघवी तपासायची जागा, वर त्यांची खोली. बाबांना वाटलं होतं तपासण्या होतील, गोळ्या मिळतील. खोलीत चटई होती, पत्र्याची भातुकली, चिंध्यांच्या बाहुल्या, एक मोडका टेलिफोन, मातीचा गोळा, परातभर वाळू.

"इथे हिच्यावर उपचार काय?" बाबांनी विचारलं.

"खेळ," शुभाताई म्हणाल्या. "तुम्ही-आम्ही मनातलं बोलून दाखवतो. या वयाची मुलं खेळून दाखवतात. ती खेळेल, मी बघेन. तिला काही विचारायचं नाही."

घरी हे ऐकून आत्या उसळली. "खेळायला एवढं लांब कशाला न्यायचं? आपल्या घरात जागा नाय? वाळू तर खाली ढिगानं पडलीय!"

मनी माझं बोट सोडेना, म्हणून मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची परवानगी मिळाली. अट एकच, मी भिंत आहे असं समजायचं. पहिले काही शनिवार मनीने कशालाच हात लावला नाही. शुभाताईही नुसत्या बसून. मला राग यायचा. मुंबईहून येऊन ही बाई चटईवर बसते फक्त! मग एका शनिवारी मनीने मातीचा गोळा उचलला, त्यातून चिमूटभर माती घेतली आणि एका बाहुलीच्या तोंडावर थापली. मग दुसऱ्या बाहुलीच्या. एकेक करून सगळ्या. अंगठ्याने दाबून दाबून, फट राहू नये म्हणून. शुभाताई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांची तोंडं बंद झाली." बस, तेवढंच. 'का केलंस' नाही, 'असं करू नये' नाही. मनीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. आई गेल्यापासून ती कुणाच्या डोळ्यांत असं बघत नसे.

पण घरी येऊन मी हे सांगितलं आणि घात झाला. "बाहुल्यांना माती फासली?" बाबा हादरले. "मॅडम काय म्हणतील? पोरीला वळण नाही म्हणतील." दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसातून आले की मनीला घेऊन बसू लागले. हंसाबेनच्या मुलीची भातुकली मागून आणली. "हे बघ, आधी चूल मांडायची. डावीकडे पाणी. मग चहा करायचा आणि मॅडमना द्यायचा. दोन्ही हातांनी द्यायचा. आणि बाहुलीला काय करायचं? मांडीवर घेऊन थोपटायचं. शाब्बास! परत एकदा." आत्याही मदतीला आली. तिने बाहुलीला निऱ्या काढून लुगडं नेसवायला शिकवलं. आठवडाभर खेळण्याची शिकवणी चालली. ज्या घरात प्रत्येक गोष्टीची आधी तयारी करून घेतात आणि मग परीक्षेला पाठवतात, त्या घरातून दुसरं काय होणार?

शनिवारी मनी खोलीत गेली आणि चूल, डावीकडे पाणी, चहा, दोन्ही हात, बाहुली मांडीवर, थोपटणं, सगळं एका दमात करून हाताची घडी घालून बसली. नजर दाराकडे. शुभाताई बाहेर आल्या. "हिला हे कोणी शिकवलं?"

"मीच तयारी करून घेतली," बाबा अभिमानाने म्हणाले. "सुधारणा आहे ना, मॅडम?"

शुभाताई हसल्या नाहीत, ही त्यांची कृपा. "साहेब, इथे पास-नापास नाही."

"मग बरी झाली हे आपल्याला कळणार कसं?"

"कळेलच असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. बाबा बाकावर बसून राहिले. त्यांच्या मांडीवर मनीची पाण्याची बाटली होती, तिचं झाकण ते उघडत आणि लावत होते. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली, की त्यांच्याकडे बघवेना.

शिकवणी बंद झाली. मनी पुन्हा मातीकडे वळायला बरेच शनिवार गेले. मार्च संपत आला, माझी परीक्षा आली आणि गेली. एकदा मनी एका बाहुलीच्या तोंडावरची माती नखाने खरवडून काढत बसली होती. मग तिने बाहुली कानाशी नेली, नंतर स्वतःचे ओठ बाहुलीच्या कानाशी. ओठ हलले. मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते. मला काही ऐकू आलं नाही, पण शुभाताई जवळ होत्या. त्यांनी झटकन कोरा कागद आणि निळा खडू तिच्यासमोर ठेवला. मनीने खडू हातात धरला, कागदाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग खडू खाली ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी नंतर काहीच नाही. पुढच्या शनिवारीही नाही.

तेव्हा शुभाताईंनी बाबांना आणि आत्याला समोर बसवलं. "तिच्या तोंडून एक वाक्य आलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि ते माझ्या हातून निसटलं. ती बाहुलीला विचारत होती, 'नाव काढू?' मला वाटलं, हिला नाव काढायचीय, होडीचं चित्र. म्हणून मी कागद दिला. काहीतरी चुकलं माझं. तुमच्या गावी खाडी आहे ना? होडीशी काही जोडलेलं आहे का तिचं?"

बाबा आठवू लागले, तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गेलो होतो एकदा, मनी फार लहान होती तेव्हा. आत्या मध्येच म्हणाली, "होडीला आमच्यात कोण नाव म्हणत नाय. होडीच म्हणतात." आणि एवढं बोलून तिने पदर तोंडाशी धरला. "बाई, मीच तिला सांगितलं होतं. बाबांसमोर आईचं नाव काढायचं नाय म्हणून. काढलंस तर बाबा आजारी पडेल म्हणून. भावाची हालत बघवत नव्हती हो मला."

मग मलाही आठवलं. तेराव्याला गावाहून आलेल्या काकांनी जाताना आम्हा दोघींच्या डोक्यावर हात ठेवला होता, सगळे ठेवतात तसा, आणि सगळे म्हणतात तेच म्हणाले होते, "शहाण्या मुली व्हा. आईचं नाव काढा." मोठ्यांना हे दोन वेगळे अर्थ कळतात. एक म्हणजे कर्तबगारी, दुसरं म्हणजे उल्लेख. बालवर्गातल्या मुलीला शब्द एकच. एक म्हणतो काढ, एक म्हणते काढलंस तर बाबा आजारी पडतील. तोंड उघडलं आणि चुकून निघालं तर? म्हणून तिने तोंडच उघडलं नाही. आम्ही तिच्यापासून आई लपवत होतो आणि ती आमचा बाप सांभाळत होती. मी शिक्षक झाले, मराठीच शिकवलं, वर्षानुवर्षं वाक्प्रचार फळ्यावर लिहून त्यांचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. हा एक मी कधीच फळ्यावर लिहिला नाही. मुलांना वाटायचं, बाई विसरल्या.

"मग आता मी तिला सांगते, बोल म्हणून," आत्या डोळे पुसत म्हणाली.

"सांगून होणार नाही. सांगण्यानेच झालंय," शुभाताई म्हणाल्या. मग बाबांकडे वळून, "आधी तुम्ही नाव काढा. तिच्यासमोर. साधं, जेवताना वगैरे."

बाबा हो म्हणाले. त्या रात्री पानावर बसल्यावर ते म्हणाले, "मने, ही आमटी तुझ्या..." आणि उठून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. बायकोचं नाव घ्यायचं एवढं काम होतं, आणि ते त्यांच्याच्याने होत नव्हतं. आत्या पोळी टाकता टाकता थांबायची, मनी भात कालवत राहायची. एकमेकांना काही देता न येणारी चार माणसं त्या स्वयंपाकघरात बसलेली असायची. मला किंचाळावंसं वाटायचं. मी पाणी वाढायचे.

शेवटी शुभाताईंनी बाबांनाच खोलीत बोलावलं. "तुम्ही काही बोलू नका. काही शिकवू नका. ती जे करायला लावेल ते करा." बाबा चटईवर बसले, ऑफिसची पँट, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मनीने त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मग त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्यांना मागे ढकलू लागली. ते आडवे झाले. तिने त्यांचे पाय जुळवले. खिशातलं पेन काढून बाजूला ठेवलं. कोपऱ्यातली बाहुल्यांची चादर आणून त्यांच्या अंगावर घातली. ती अपुरी होती, म्हणून पाय उघडे टाकून तिने तोंड झाकलं. त्यांच्या पोटाशी एक छोटी बाहुली सरकवली, तिचंही तोंड झाकलं.

मग ती माझ्याकडे आली. मी भिंत होते, तरी आली. तिने माझी ओढणी घेतली आणि उजव्या खांद्यावरून पुढे आणून सोडली, गुजराती पदरासारखी. मी हंसाबेन. तिने मला ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, स्वतः माझ्यापुढे पाठ टेकून उभी राहिली, माझा हात घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. हंसाबेनची गॅलरी कंपाउंडवर उघडायची, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या माउलीने दुसरं काही सुचेना म्हणून पोरीचे डोळे झाकले असणार. मनीने माझं एक बोट बाजूला केलं. मग दुसरं. मधल्या फटीतून ती खाली बघत होती, जसं तेव्हा बघितलं होतं. मी माझा हात काढून घेऊ शकले असते. पण तो माझा हात नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनेच माझा हात डोळ्यांवरून काढला आणि चालत गेली. त्या दिवशी तिला जाता आलं नव्हतं तिथे. बाबांच्या उशाशी बसली. भातुकलीतला पेला घेतला, त्यात काही नव्हतं, तरी सांडू नये असा धरला. तोंडावरची चादर खाली केली. बाबांचे डोळे मिटलेले, आणि दोन्ही बाजूंनी कानांत पाणी ओघळत होतं.

मनी वाकून बघत राहिली.

"आई," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, मला ओळखूच आला नाही. "आई, रडू नको. मेलेल्या माणसानं रडायचं नसतं."

"बरं," बाबा म्हणाले, आणि डोळे पुसायलासुद्धा हात न उचलता तसेच पडून राहिले.